तेरेसियाच्या अंगणातील जयेश

“कुठे ठेवलंत त्याला?” दार उघडताक्षणी वीणाने विचारले.

मी अजून उंबरठ्याबाहेरच होतो. माझ्या खांद्यावर एक पिशवी होती आणि हातात दुसरी. तिची दृष्टी एका पिशवीवरून दुसरीवर गेली आणि पुन्हा पहिलीवर येऊन थांबली. माझ्या मागे स्वरूपा, आमची कन्या, गाडीला कुलूप लावून सावकाश येत होती. विमानतळापासून आयर्लंडमधील या वॉटरफोर्ड शहरापर्यंत तिला सर्व सांगून झाले होते. त्यामुळे तिचे पाऊल उचलत नव्हते.

“आणलं नाही,” मी म्हणालो.

“परवानगी नाही दिली त्यांनी?”

“परवानगी होती.”

“मग?”

“मी मागितलंच नाही, वीणा.”

तिने माझ्याकडे पाहिले. एखादा अनोळखी मनुष्य सामान पोचवण्यास यावा आणि त्याला वाट करून द्यावी, त्याप्रमाणे ती बाजूला सरकली.

“बूट बाहेर काढा,” ती म्हणाली. “लादी पुसलीय.”

अस्थी घरात घेत नाहीत. म्हणून तिने मागच्या अंगणातील शेड रिकामी केली होती. गवत कापण्याचे यंत्र भिंतीशी भिजत उभे होते. शेडमधील एक फळी तिने धुतली होती आणि तिच्यावर पांढरे कापड अंथरले होते. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते मला दिसले. त्यानंतर खिडकीकडे पाहण्याचे धैर्य मला कित्येक दिवस झाले नाही.

आमचा मुलगा जयेश बोटीच्या इंजिनघरात मोटरमन होता. मी चिपळूणजवळच्या लोटे गावातील कारखान्यांत पंप दुरुस्त करीत आयुष्य काढले. माझी शाळा नववीतच सुटली होती. पोरांनी तरी जग पाहावे अशी माझी इच्छा होती. त्याने ते पाहिले. महासाथीच्या वर्षी त्याची मालवाहू बोट पॅसिफिक महासागरात असताना त्याच्या पोटात दुखू लागले. सर्व बंदरे बंद होती. पोटातील आतडे फुटून तो गेला. बोटीवरचे शीतगृह बिघडलेले होते आणि वरून सूर्य आग ओकत होता. तेव्हा जवळच्या एका प्रवाळबेटावरील गावकऱ्यांनी होडी घालून त्याला उतरवून घेतले आणि आपल्या पद्धतीने पुरले. आम्हाला कळले ते दूरध्वनीवरून, पाच वाक्यांत.

देह नसला की पळसाची पाने आणि दर्भ यांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. आम्ही चिपळुणास तसा विधी केला. वीणा शेवटपर्यंत तेथे बसली आणि घरी आल्यावर एवढेच म्हणाली, “पानांना मी जन्म दिला नव्हता.”

पुढे स्वरूपा येथे वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात नोकरीस लागली आणि तिने आम्हाला आपल्याजवळ आणले. एका वृद्धाश्रमाच्या धुलाईघरात मला काम मिळाले. माझ्याबरोबर काम करणारा डेक्लन रोज सकाळी ‘बरं आहे ना’ अशा अर्थाने विचारतो, “ग्रँड?” आणि मीही “ग्रँड” म्हणतो. त्यानंतर दिवसभर बोलतात ती यंत्रेच. वीणा घरी असते. तिने जयेशच्या छायाचित्रास कधी हार घालू दिला नाही. अग्नी मिळाला नाही तोवर तो सुटला नाही, अशी तिची श्रद्धा होती. त्याला उकरून काढावे, तेथेच किनाऱ्यावर बापाच्या हातून अग्नी मिळावा आणि अस्थी चिपळूणच्या वाशिष्ठी नदीत सोडाव्यात, एवढीच तिची मागणी होती. स्वरूपाने दोन वर्षे पत्रव्यवहार करून त्या देशाची परवानगी मिळवली. उरली होती ती गावाची संमती. ती तोंडी मागावयाची होती, समक्ष जाऊन.

त्यासाठी मी गेलो होतो.

*

शेवटचा टप्पा खोबरे वाहणाऱ्या बोटीचा होता. ती बोट भरली की निघते, न भरली तर निघत नाही. ते बेट प्रथम दिसले तेव्हा ते बेट आहे यावर माझा विश्वास बसेना. पाण्यावर नुसतीच माडांची एक रांग उभी होती, खाली जमीन दिसतच नव्हती. जवळ गेल्यावर हातातल्या कड्यासारखी वळलेली पुसट पांढरी पट्टी दिसू लागली. आत शांत हिरवे पाणी, बाहेर अथांग निळे, आणि मध्ये माणसांनी राहावयाचे. गावातील वाटेवर उभे राहिले की दोन्हीकडचे पाणी दिसे. ना दगड, ना नदी, ना कावळा. पायाखाली माती नव्हती. मोडलेले पोवळे होते.

“इंडियन?” धक्क्यावर एका धिप्पाड माणसाने ओरडून विचारले. “पिशवीत करी आहे का?”

हा योआने. पूर्वी तो परदेशी बोटींवर खलाशी होता आणि भारतीय स्वयंपाक्यांच्या हातचे जेवला होता. आता तो गावच्या शाळेची देखभाल करीत असे. त्याचे आणि माझे इंग्रजी सारखेच मोडके होते, त्यामुळे आमचे उत्तम जमले. मी पिशवीतून मसाल्याची पुडी काढून दिली. त्याने तिचा वास घेतला आणि डोळे मिटून काही क्षण तसाच उभा राहिला.

“चल,” तो म्हणाला. “म्हातारी वाट पाहतेय. तिच्या शिव्या मनावर घेऊ नकोस.”

म्हातारीचे नाव तेरेसिया. तिला मूलबाळ नव्हते आणि नवराही जाऊन खूप वर्षे झाली होती. जयेशला पुरण्यासाठी गावाने तिची जागा निवडली, कारण ती इतरांहून जराशी उंच होती. त्या लोकांत माणसाला घराजवळच, अंगणात पुरतात. तिचे घर म्हणजे चार खांबांवरचा एक ओटा आणि वर झावळ्यांचे छप्पर. त्याच्या बाजूला माझा मुलगा होता. भोवती उपड्या बाटल्यांचे कुंपण होते आणि वर पांढरी शुभ्र खडी. तिच्यावर एक पानही पडलेले नव्हते.

मी गुडघ्यांवर बसलो. मला रडू आले नाही. इतक्या दूर येऊन रडू येत नाही, याचेच मला भय वाटले.

म्हातारी ओट्यावरून मोठ्याने बोलू लागली. योआने हसला.

“काय म्हणते?”

“म्हणते, फार उशीर केलास. तुझा मुलगा आळशी आहे. आला तसा झोपलाय. पण तिच्या नवऱ्यापेक्षा बरा. तो झोपेतही बोलायचा.”

“तिला सांग,” मी म्हणालो, “लहानपणीही त्याला उठवावंच लागायचं.”

हे ऐकताच म्हातारीने मांडीवर थाप मारली आणि खडीकडे बोट दाखवून विजयी मुद्रेने काहीतरी म्हणाली. मी ते विचारले नाही. मला समजले होते.

दुसऱ्या दिवशी मला कबरीवर फुले वाहून चार शब्द म्हणावयाचे होते. स्नानावाचून ते कसे करावे? प्रवासाने माझे अंग खारट झाले होते. मी योआनेला म्हणालो, “दोन बादल्या गोडं पाणी मिळेल का?”

त्याने माझ्याकडे क्षणभर पाहिले आणि म्हातारीला सांगितले. ती तत्काळ उठली. पावसाचे पाणी साठवण्याच्या टाकीतून तिने दोन बादल्या भरल्या आणि माझ्यापुढे आणून ठेवल्या. मी झावळ्यांच्या आडोशाला बसून यथेच्छ स्नान केले. पहिली बादली अंगावर, दुसरी डोक्यावरून. कितीतरी दिवसांनी मला स्वच्छ वाटले.

तिसऱ्या प्रहरी पाहतो तो म्हातारी विहिरीतून पोहरा काढून पाणी पीत होती. ती विहीर म्हणजे पोवळ्यातील एक खड्डा. मी ओंजळीत घेऊन चाखले आणि थुंकून टाकले. ते मचूळ होते, अर्धे समुद्राचेच.

“ती टाकीतलं का पीत नाही?” मी योआनेला विचारले.

“टाकीत नाही आता.”

“म्हणजे?”

“पाऊस कुठाय? होतं तेवढं तू घेतलंस.”

माझे कान तापले. “मग नाही म्हणायचं होतं तिनं!”

“कोणाला? तुला?” योआने खरोखरच चकित झाला. “तू त्याचा बाप. तो तिचा. म्हणजे तू आपल्यातलाच. आपल्या माणसानं मागितलं तर नाही म्हणणं ही इथे मोठी लाज. होडी मागा, डुक्कर मागा, अंगातला शर्ट मागा. द्यायचं आणि तोंड वाकडं करायचं नाही. म्हणून आम्ही मागतच नाही फारसं. आणि तू? कालपासून तोंड उघडं ठेवून हिंडतोयस. साखर आहे का, दोरी आहे का, चटई आहे का. अख्खं गाव तुला घाबरलंय!”

मी कोकणातला. शेजाऱ्याकडे वाटीभर साखर मागणे ही आमच्याकडे बोलण्याची सुरुवात असते. मागणारा सहज मागतो, देणारा ‘आजच संपली हो’ असे तितक्याच सहजपणे सांगतो, आणि दोघेही सुखात राहतात. नकाराची वाट ठेवलेली असते म्हणून मागता येते. ती वाट जेथे नाही तेथे मागणे म्हणजे काय, हे मला त्या मचूळ पाण्याच्या चवीवरून उमगले.

त्या सायंकाळी म्हातारीने मला घरामागे नेले. पूर्वी तेथे फणसाच्या जातीचे एक मोठे झाड होते. आता ते मुळांसकट पाण्यात आडवे पडले होते. त्याच्यापलीकडे तिच्या नवऱ्याची कबर होती. लाटांनी ती नेली. म्हातारी हातवारे करून सांगू लागली आणि योआने भाषांतर करू लागला.

“म्हणते, म्हाताऱ्याला नेलं, जाऊ दे. पण याला मी नेऊ देणार नाही. पाणी इथवर आलं की मी स्वतः याला उचलून शाळेकडे नेणार. म्हणते, फार जड नसेल तो आता.”

म्हातारीने आपले दोन्ही बाहू पुढे करून दाखवले. ते हात झिजलेले आणि काटकुळे होते. तिने त्यांच्यात हवा उचलली आणि चार पावले टाकली.

तिसऱ्या दिवशी गावाच्या सभाघरात सर्व जमले. प्रत्येक कुळाची बसण्याची जागा ठरलेली असते. मला तेरेसियाच्या शेजारी, तिच्या चटईवर बसवण्यात आले. मी कशासाठी आलो हे सर्वांस ठाऊक होते; राजधानीतून निरोप आला होता. येताना मी पाहिले होते, की जयेशच्या बाटल्यांपाशी फावडे आणून ठेवले आहे आणि किनाऱ्यावर वाळलेल्या माडाचे ओंडके रचलेले आहेत. ते कोणी रचले असे मी योआनेला विचारले. “तिनेच,” तो म्हणाला.

वृद्ध मुखिया म्हणाला, “पाहुण्यानं बोलावं.”

मी उठलो. तेरेसिया पाठ ताठ करून, दृष्टी चटईवर लावून बसली होती. टाकीतील पाणी आणावयास उठली तेव्हाही ती अशीच ताठ उठली होती. मला केवळ एक वाक्य उच्चारावयाचे होते. नऊ हजार मैलांवर वीणाने त्यासाठी फळी धुऊन ठेवली होती. मी तोंड उघडले.

मी म्हणालो, की तुम्ही माझ्या मुलाला होडीतून उतरवले, त्याला धुतले, आपल्या जमिनीत जागा दिली. मी आणि माझी पत्नी तुमचे ऋणी आहोत. आणि मी खाली बसलो.

योआने कुजबुजला, “एवढंच?”

“एवढंच.”

तेरेसियाने माझ्याकडे पाहिले नाही. तिने नाक पुसले, मान खाजवली, आणि मग मोठ्याने काहीतरी बोलली. त्यावर सर्व गाव खदखदून हसले.

“काय म्हणाली?”

“म्हणते, बापही पोरासारखाच. मोजकं बोलतो.”

*

वीणा माझ्याशी बोलेना. तसे आमचे बोलणे थांबले नव्हते. ‘भात वाढू का’, ‘डबा घेतलात का’ एवढे चालू होते. परंतु ज्या एका गोष्टीवाचून आमच्या घरात दुसरी गोष्टच नव्हती, तिच्याविषयी ती अवाक्षर काढीना. ती स्वरूपाच्या खोलीत झोपू लागली.

“बाबा, सिरियसली,” स्वरूपा एकदा गाडीत म्हणाली, “यू हॅड वन जॉब. दोन वर्षं मी लोकांच्या मागे लागले. आणि तुम्ही तिथे जाऊन थँक्यू म्हणून आलात?”

“तुला नाही कळायचं.”

“मला कळलं ओ. मला खरंच कळलं. पण आईला कोण सांगणार? मी तर नाही बाबा.” घराशी गाडी लावताना ती म्हणाली, “माझाही भाऊ होता तो.”

धुलाईघरात चादरींच्या घड्या घालताना मी वीणाशी मनातल्या मनात पुष्कळ बोलत असे. डेक्लनने विचारले, “ग्रँड?” मी म्हणालो, “ग्रँड.”

एके दिवशी वीणा भेंडी चिरत होती. वर न पाहता तिने विचारले, “दोन बादल्या कशाला मागितल्यात? एक पुरली नसती?”

म्हणजे स्वरूपाने अखेर सांगितले होते.

“पुरली असती,” मी म्हणालो.

“आणि मागितलं असतंत तर तिनं दिला असता त्याला?”

“फावडं आणून ठेवलं होतं तिनं.”

सुरी थांबली. “म्हणजे द्यायला तयार होती.”

“तयार नव्हती, वीणा. नाही म्हणता येत नव्हतं तिला.”

“मला म्हणता येतं,” ती म्हणाली. “मी सहा वर्षं नाहीच म्हणतेय. कुणी ऐकलं?” आणि ती पुन्हा भेंडी चिरू लागली.

चार दिवसांनी, असाच काही विषय नसताना, तिने विचारले, “समुद्र किती लांब आहे त्याच्यापासून?”

मी सर्व सांगितले. पाण्यात पडलेले झाड सांगितले, म्हाताऱ्याची गेलेली कबर सांगितली, आणि तेरेसिया त्याला उचलून शाळेकडे कशी नेणार आहे तेही सांगितले. तिने हातांत हवा उचलून टाकलेली चार पावले मी स्वयंपाकघरात टाकून दाखवली. वीणा माझ्या रिकाम्या हातांकडे पाहत राहिली.

“म्हणजे मातीतून काढून परत मातीत,” ती म्हणाली.

रविवारी जेवणे आटोपल्यावर ती स्वरूपाला म्हणाली, “फोन लाव तिथे. तुझ्या बाबांना जमलं नाही ते मी मागते.”

स्वरूपाने माझ्याकडे पाहिले. “आई, असं फोनवर...”

“लाव म्हटलं ना.”

आमच्याकडे सायंकाळ होती, उन्हाळ्यातील लांबलेली. तिकडे सोमवारची सकाळ. शाळेत उपग्रहाची यंत्रणा बसवली आहे, तेथून योआने फोन घेऊन म्हातारीच्या अंगणात गेला. चित्र अडखळत होते. प्रथम त्याचा कान दिसला, मग माडाचा बुंधा आणि मग तेरेसियाचा चेहरा, फार जवळून.

तिने वीणाला निरखले आणि काही म्हणाली.

“काय म्हणतेय?” वीणाने मला विचारले.

“बारीक आहेस म्हणते. जेवत नाहीस का?”

“जेवते म्हणावं. तिनं पाणी पिलं का विचारा. टाकी भरली का?”

मी विचारले. पाऊस झाला होता. टाकी भरली होती. वीणाने मान हलवली. मग पदर सारखा करून ती खुर्चीत नीट बसली.

“तिला सांगा, मी जयेशची आई. तो तुमचा, तर मीही तुमच्यातली. बरोबर ना?”

मी सांगितले. योआनेने सांगितले. तेरेसियाचा चेहरा पालटला. तिने पाठ ताठ केली आणि दृष्टी खाली वळवली. सभाघरातील ती बैठक मी ओळखली. मी वीणाचा हात धरणार होतो, परंतु तो इतक्या वर्षांत धरलेला नव्हता.

“होय, म्हणते,” योआनेचा आवाज आला. “तू आमचीच.”

“मग मी मागते,” वीणा म्हणाली. “पाणी घराशी आलं की त्याला उचलू नका. शाळेकडे नेऊ नका. जिथे आहे तिथेच असू द्या. न्यायचं तर समुद्रानं न्यावं.”

मी फोनकडे पाठ करून तिच्याकडे वळलो.

“सांगा ना,” ती म्हणाली. तिचा आवाज स्थिर होता. “अग्नी अग्नी करत बसले मी. पाण्यातला पोर तो. पाणी चालेल त्याला. सांगा.”

मी सांगितले. योआनेने ते लगेच पुढे नेले नाही. त्याने मला पुन्हा विचारले, आणि मी पुन्हा तेच सांगितले. मग तो हळू आवाजात त्यांच्या भाषेत बोलला.

तेरेसिया पडद्याबाहेर, एका बाजूला पाहू लागली. तिकडे कोण आहे हे आम्हा तिघांनाही माहीत होते. चित्र थांबले असावे असे मला वाटले, परंतु तिच्या मागे झावळी हलत होती. मग तिचे ओठ हलले.

“हो म्हणते,” योआने म्हणाला.

म्हातारीने आणखी काही म्हटले, या वेळी मोठ्याने आणि काहीशा कठोरपणे.

“म्हणते, पण तोपर्यंत तो माझ्याकडे.”

“हो म्हणावं,” वीणा म्हणाली. “तोपर्यंत तुमचाच.”

तेरेसियाने फोन योआनेच्या हातून घेतला, तो ओट्यावर उताणा ठेवला आणि ती उठून गेली. आम्हाला छपराची खालची बाजू दिसू लागली आणि तिच्या कडेला आकाशाची एक पट्टी. दूर कोठेतरी लाटांचा संथ आवाज येत होता. त्यात म्हातारीचे बोलणे मिसळले. ती जयेशशी बोलत होती. शब्द आम्हाला कोणालाच समजत नव्हते. मध्येच तिचा स्वर चढत होता, मध्येच खाली येत होता.

स्वरूपाने फोन बंद करावयास बोट पुढे केले. वीणाने तिचे मनगट धरले, खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि कान पडद्याशी नेला.